झोपला, की झोप लागली?

मुलाच्या झोपेच्या वहीतली पहिली नोंद माझ्या अक्षरात आहे. "10.15 झोपला." दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या रात्री "10.20 झोपला." चौदापैकी बारा रात्री मी सव्वादहाच्या आगेमागे काहीतरी लिहिलंय आणि तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सव्वादहाला मी त्याला रात्रीची गोळी द्यायचे, तो वर पाणी प्यायचा, भिंतीकडे तोंड करून पांघरूण ओढायचा. झोपला. अजून काय लिहायचं?

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. चौदाव्या वर्षी त्याला रक्ताचा कॅन्सर झाल्याचं कळलं. एएलएल म्हणतात तो प्रकार. पहिल्या सात-आठ महिन्यांच्या तगड्या केमोबद्दल मी इथे लिहीत नाही, त्याला वेगळी ताकद लागेल. हे सगळं मेन्टेनन्समधलं आहे. मेन्टेनन्स म्हणजे तगड्या केमोनंतरचा हलका, लांबलेला उपचार: रोज रात्री सिक्स-एमपीची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, महिन्यातून एकदा व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन आणि त्याच्याबरोबर पाच दिवस स्टिरॉइड. केस परत आले होते. शाळा सुरू झाली होती. शेजारपाजारच्या बायका "सुटलात बाई एकदाच्या" म्हणायला लागल्या होत्या. आणि पोरगा दिवसभर पेंगत होता. पुस्तक पुढ्यात, मान खाली. मला वाटायचं, औषधांची गुंगी असणार. सासूबाईंना वाटायचं, अशक्तपणा, त्याला खारीक-खोबरं द्या. त्याच्या बाबांना वाटायचं, मोबाइल.

तपासणीला गेलं की डॉक्टर विचारायचे, "झोप कशी आहे?" मी म्हणायचे, "बरी आहे." दीड वर्षं तोच प्रश्न आणि तेच उत्तर. त्यांच्यापुढे फायलींचा ढीग, माझ्या डोक्यात आजचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, किती आलेत एवढंच. झोप हा काही आजार आहे, असं दोघांनाही वाटत नव्हतं.

मग एका सोमवारी, इंजेक्शनसाठी नंबर लावून बसलो असताना, गळ्यात ओळखपत्र घातलेली एक तरुण मुलगी आमच्याजवळ येऊन बसली. कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या किशोरवयीन मुलांची झोप मोजायचं काम त्यांच्याकडे चाललं होतं. मुलगा तिला ताई म्हणायला लागला, म्हणून मीही ताईच म्हणते. तिने सगळं नीट समजावून सांगितलं. स्टिरॉइड चालू नसतानाच्या सात रात्री आणि लगेच पुढच्या, स्टिरॉइडच्या आठवड्यातल्या सात रात्री, असं मोजायचं. अमेरिकेत 2007 साली अशाच प्रकारे शंभर मुलांना पाच दिवस औषधाविना आणि पाच दिवस औषधासह मोजलं होतं. त्यात डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने मुलांची झोप आणि थकवा दोन्ही बदलतात असं दिसलं. इथल्या मुलांचं काय, ते पाहायचं होतं.

मी सही करायला पेन काढलं, तर ती म्हणाली, "तुमची सही नंतर. आधी त्याची." बारा ते अठरा वयातल्या मुलाची लेखी संमती वेगळी घ्यावी लागते, आयसीएमआरच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, नियमावलीतच तसं आहे. दीड वर्षात त्याच्या शरीरावर जे जे झालं त्या प्रत्येक कागदावर माझी नाहीतर त्याच्या बाबांची सही आहे. मणक्यात सुई घालायची, सही आमची. रक्त चढवायचं, सही आमची. त्याने तो कागद दोनदा वाचला. "मधेच सोडलं तर चालतं का?" असं विचारलं. चालतं म्हटल्यावर सही केली. दहावीच्या फॉर्मवर करण्यासाठी घोटून ठेवलेली सही होती ती, खाली दोन टिंबं असलेली.

मोजायची साधनं तीन. मनगटावर बांधायचं घड्याळ, मी भरायची झोपेची वही, आणि त्याने स्वतः भरायच्या प्रश्नावल्या.

घड्याळ पाहून तो हिरमुसला. "यात टायमिंगसुद्धा दिसत नाही." खरंच, त्याला तबकडी नव्हती. आत हालचाल टिपणारा सेन्सर, उजेड टिपणारा दुसरा सेन्सर आणि बाजूला एक बटण. दिवा मालवला की बटण दाबायचं, सकाळी उठल्यावर पुन्हा दाबायचं. ते दर तीस सेकंदांची नोंद ठेवतं. म्हणजे आठ तासांच्या रात्रीत 960 नोंदी. ज्या हाताने लिहितो त्याच्या दुसऱ्या हातात बांधायचं, म्हणून डावा. पण इंजेक्शनची सुई डाव्या हातालाच लागली, मग दोन तास उजव्या हातात आणि वहीत तशी नोंद. आंघोळीला काढलं, नोंद. पट्टा सैल ठेवायला ताईने बजावलं होतं, कारण प्लेटलेट कमी असल्या की साध्या दाबानेही काळंनिळं होतं.

मी घरी ब्लाउज शिवते, तेव्हा मापं घेण्यातलं मला थोडं कळतं. टेप लावला की बाई पोट आत घेते. दरवेळी. मी "श्वास सोडा" म्हणते, ती सोडल्यासारखं करते आणि पुन्हा घेते. माप घ्यायचं तर आधी समोरच्याला ते विसरायला लावावं लागतं. मी ताईला हे सांगितलं. ती हसून म्हणाली, "म्हणूनच आम्ही सात-सात रात्री मोजतो. निदान पाच तरी धड मिळाल्या पाहिजेत."

आता आमचं घर. नायगावची बीडीडी चाळ, 160 चौरस फुटांची एक खोली, माणसं पाच. सासूबाई पलंगावर, खाली मुलगी, मी आणि मुलगा एका रांगेत, हे दाराजवळ. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याचा मिळून. हे बेस्टमध्ये कंडक्टर, पहिल्या पाळीला डेपोत पोचायचं तर सव्वातीनला गजर. तो गजर आम्हाला ऐकू येत नाही, असं आम्ही सगळे म्हणतो.

प्रश्नावल्यांनी आमची फार करमणूक केली. एक होती 1989 साली पिट्सबर्गमध्ये तयार झालेली, जगभर वापरतात ती. गेल्या महिन्याभरात रात्री फार थंडी वाजून झोप मोडली का? जुलैच्या मुंबईत. गाडी चालवताना जागं राहायला त्रास होतो का? तुमच्या खोलीत दुसरं कुणी झोपतं का? यावर तो खो खो हसला आणि चारही बोटं वर केली. मराठी भाषांतरात एका ठिकाणी "आपली निद्रा समाधानकारक आहे का?" असं होतं. "आई, निद्रा म्हणजे विठोबाची, आषाढी ते कार्तिकी?"

पण त्याच कागदावर माझं एका ओळीपाशी अडलं. "किती वाजता अंथरुणावर गेलात" आणि "झोप लागायला किती मिनिटं लागली" असे दोन वेगळे प्रश्न होते. आपण मराठीत दोन्हीला झोपणंच म्हणतो. आडवा झाला तरी झोपला, घोरायला लागला तरी झोपला. एरवी आपल्याकडे झोपेसाठी शब्दांची काय कमी आहे? झोप येते, लागते, मोडते, उडते, डोळा लागतो, पेंग येते, सावध झोप, मेल्यासारखी झोप. पण माझ्या वहीत एकच शब्द होता. आणि त्याने ते दोन प्रश्न स्वतः कसे सोडवले हे मला दिसलं नाही. ताईने त्याला बाजूच्या खोलीत बसवून लिहायला दिलं होतं, आणि मी काय लिहिलं हे तरी मी त्याला कुठे दाखवत होते?

पहिले सात दिवस शांत गेले. दुसऱ्या आठवड्यात स्टिरॉइड सुरू झाली. ज्यांच्या घरात ही गोळी येते त्यांना वेगळं सांगायला नको. दुसऱ्याच दिवशी डोळे बदलतात. रात्री दोनला "भूक लागली", आणि भूक म्हणजे साधी नाही, थालीपीठच पाहिजे, कांदा जास्त घालून, वर लोणी. मी रात्री दोनला तवा ठेवलाय, खाली शंभरेक वर्षांपूर्वीच्या चाळीत सगळ्यांना वास जाईल याची लाज वाटत असताना. खाऊन झाल्यावर तो रडला, का ते त्यालाही माहीत नव्हतं. तिसऱ्या रात्री पोटऱ्या दुखायला लागल्या, त्या मी चेपत बसले. दुपारी मात्र दोन-अडीच तास मेल्यासारखा झोपायचा. या रात्रींची वही मी प्रामाणिकपणे भरली. 2.00 उठला, 2.50 झोपला. असं सगळं.

घड्याळ परत दिल्यावर दहाएक दिवसांनी ताईने बोलावलं. तिच्याकडे एक मोठा कागद होता. एकाखाली एक चौदा पट्ट्या, एक पट्टी म्हणजे एक दिवस. हालचाल तिथे काळ्या उभ्या रेघा, शांतता तिथे कोरं. लांबून बघितलं तर दाढीचे खुंट वाढल्यासारखं. तिने पहिल्यांदा विचारलं, "रोज सव्वातीनला एक रेघ आहे. फक्त गुरुवारी नाही. गुरुवारी काय असतं?"

गुरुवारी यांची साप्ताहिक सुट्टी असते.

मी त्या कागदाकडे बघतच राहिले. न ऐकू येणारा गजर मुलाच्या मनगटात रोज वाजत होता.

बाकी आकडे मात्र चांगले होते. स्टिरॉइडच्या रात्री तुटक होत्या, त्याचं नवल नव्हतं. पण पहिल्या आठवड्यात अंथरुणावर पडल्याच्या वेळेपैकी 88 टक्के वेळ झोपेत. हा आकडा 85 च्या वर असला की ठीक धरतात. झोप लागायला सरासरी सतरा मिनिटं. माझी वही आणि घड्याळ यांचं छान जमत होतं. मी मनात म्हटलं, चला, म्हणजे पेंगणं औषधाचंच.

ताई म्हणाली, "पण त्याचं स्वतःचं उत्तर वेगळं आहे. त्याला विचारून तुम्हाला सांगते." त्याने मान हलवली. सात प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली असते, निद्रानाश किती तीव्र आहे ते मोजणारी. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण 28. पंधरा किंवा त्याच्या वर गेलं की मध्यम निद्रानाश. त्याचे 17 होते. आणि "झोप लागायला किती वेळ" समोर त्याने लिहिलं होतं, "दीड-दोन तास. रोज."

मला राग आला. खरं सांगते, पहिल्यांदा राग आला. मी शेजारी झोपते, मला कळत नाही का? घड्याळ सांगतंय, मी सांगतेय आणि हा म्हणतो दोन तास! मी म्हटलंही, "अरे, तू तर पडल्या पडल्या झोपतोस." तो गप्प. ताईने त्याला खोटं पाडलं नाही आणि मलाही नाही. ती एवढंच म्हणाली की घड्याळाला झोप कळत नाही, त्याला हालचाल कळते. जो निपचित पडून जागा आहे त्याला ते झोपलेलाच धरतं. या घड्याळांची ही माहीत असलेली खोड आहे, झोप पकडण्यात ते हुशार आणि जागेपण पकडण्यात कच्चे. आमचं काम मोजण्याचं, पुढचं डॉक्टर ठरवतील, असं म्हणून तिने एक पत्र दिलं.

डॉक्टरांनी पत्र वाचलं आणि वेगळीच गोष्ट विचारली. घोरतो का? स्टिरॉइडने नऊ किलो वजन वाढलं होतं, घोरायचा कधीमधी. झोपेत श्वास अडकत नाही ना ते बघू म्हणून एका रात्रीची झोपेची तपासणी लिहून दिली, पॉलिसोम्नोग्राफी. ती दुसरीकडे करावी लागली. तारीख तीन आठवड्यांनी मिळाली.

तिथल्या तंत्रज्ञाने त्याच्या डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, पायांना तारा चिकटवल्या, छाती-पोटाला पट्टे, नाकाखाली नळी, बोटाला लाल दिव्याचा चिमटा. केस जेमतेम बोटभर वाढलेले. "केस बारीक आहेत ते बरं, पेस्ट मस्त बसते," तो म्हणाला आणि जीभ चावली. मुलगा म्हणाला, "काका, अजून बारीक होते, तुम्ही उशीर केलात." मी शेजारच्या खोलीत खुर्चीवर. पडद्यावर तो दिसत होता, अंधारातल्या कॅमेऱ्याचा करडा करडा. सरळ पडलेला. हललाच नाही. साडेदहापासून मी बघत होते आणि मला वाटलं, चला, इथेही लगेच लागली.

रिपोर्टच्या वेळी तिथल्या डॉक्टरांनी संगणकावर पानं दाखवली. एक पान तीस सेकंदांचं. श्वास अडकत नव्हता, ते एक बरं झालं. मग त्यांनी अकराच्या सुमाराचं पान उघडलं आणि वरच्या रेघांवर बोट ठेवलं. डोळे मिटून स्वस्थ पडलेला जागा माणूस असला की डोक्याच्या मागच्या भागात एक ठराविक लहर दिसते, सेकंदाला आठ ते तेरा वेळा वरखाली होणारी. झोप लागली की ती मोडते. ती लहर पानामागून पान चालली होती. सव्वाअकरा. पावणेबारा. बारा. एकला दहा मिनिटं कमी असताना ती मोडली. "नवीन जागेत पहिल्या रात्री उशीर होतोच," ते म्हणाले, "पण याला सवय दिसते. इतकं न हलता जागं राहणं सोपं नाही."

परत येताना बस रिकामी होती. त्याला खिडकी, मी बाजूला. खोदादाद सर्कलच्या सिग्नलला बस थांबली तेव्हा मी विचारलं, "हलत का नाहीस रे?"

"मी हललो की तू उठतेस."

"मग?"

"उठून कपाळाला हात लावतेस. मग तुला झोप लागत नाही, तू पाणी पितेस, देवापुढे बसतेस. तेवढ्यात बाबा उठतात. मग आजी उठते."

मी कपाळाला हात लावते, ते खरं. पहिल्याच महिन्यात आम्हाला सांगितलं होतं की काउंट कमी असताना ताप 100.4 च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. एकदा तसं निघालोही होतो. तेव्हापासून माझा हात झोपेतही त्याच्या कपाळाकडे जातो. आणि तो ते टाळायला भिंतीकडे तोंड करून दगडासारखा पडून राहायचा. मी वहीत लिहायचे, झोपला.

"मग दोन तास करतोस काय?"

"खाली प्रॅक्टिस असते ना. शिट्ट्या मोजतो. पाचवा थर लागला की वेगळी वाजते."

गोविंदा पथकाचा सराव. गुरुपौर्णिमेपासून आमच्या चाळीच्या मैदानात रोज रात्री चालतो. आजारी पडायच्या आधी हा तिसऱ्या थराला असायचा.

पुढचं थोडक्यात. डॉक्टरांनी स्टिरॉइडची रात्री नऊची गोळी दुपारी चारवर आणली (हे त्यांनी ठरवलं, कुणी मनाने वेळ बदलू नका). अंथरुणावर जायची वेळ सव्वादहाऐवजी सव्वाअकरा केली. मला ते उलटंच वाटलं होतं, आजारी मुलाला लवकर निजवायचं नाही का? पण या वयात मेंदूतलं घड्याळच पुढे सरकतं, झोपेचं रसायन उशिरा पाझरायला लागतं. आठ ते दहा तास हवेतच, पण ते दहाला सुरू होतील असा हट्ट धरला की मूल नुसतं पडून राहतं, आणि पडून जागं राहण्याचीच सवय लागते. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली, त्यावरून आठवडाभर भांडणं. सरावाच्या वेळी तो गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागला, मास्क लावून. गर्दीत जायची परवानगी नव्हती. वरून ओरडून कुणाचा पाय चुकतोय ते सांगायचा. यांनी गजर बंद करून मोबाइल थरथरणारा करून बनियनच्या आत ठेवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दचकून किंचाळले, सगळी चाळ उठली.

आणि ताप. ताप रात्री अकराला थर्मामीटरने, सकाळी उठल्यावर थर्मामीटरने, आणि मधे बरं वाटलं नाही, थंडी भरली, तर त्याने मला उठवायचं. कपाळाला हात नाही. हे मला जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मुलीला मधे झोपवलं तेव्हा जमलं.

दिवाळीनंतर ताईने पुन्हा सात रात्री मोजल्या. घड्याळाचा आकडा या वेळी कमी आला, 88 वरून 83. मी घाबरले. ती म्हणाली, आता तो हलतोय. त्याच्या सात प्रश्नांचे गुण 17 वरून 11 झाले होते. 11 म्हणजे चांगलं नाही, सौम्य त्रास अजून आहेच. दहावीची प्रिलिम तोंडावर, त्याचंही असेल थोडं.

वही या वेळीही माझ्याकडेच दिली होती. "किती वाजता अंथरुणावर गेला" समोर मी 11.15 लिहिलं. "किती वाजता झोप लागली" समोर पेन टेकवून थोडा वेळ बसले, मग लिहिलं, "त्याला विचारा." सकाळी वही उघडली तर माझ्या ओळीखाली त्याचं अक्षर होतं. "12.05. अंदाजे."